चांगुणेची ओहोटी

आधी माझं पाप सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा एका माशाच्या लोभापायी मी सात घरांच्या शेतांत खाडी घातली. मुद्दाम नाही घातली, पण मुद्दाम आणि चुकून यातला फरक खाडीला कळत नाही.

मासाही साधासुधा नव्हे, जिताडा. आमच्या खारेपाटात जिताड्यासाठी शहाणी माणसं येडी होतात, आणि मी तर मुळातच शहाणी नव्हते. मी होते मॅट्रिक पास. त्या काळी आमच्या भावकीत मॅट्रिक झालेली सून म्हणजे बैलगाडीला बसवलेला मोटारीचा भोंगा. वाजायचा भरपूर, गाडी ओढायची बैलांनीच.

जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती माझी सासू, चांगुणा. गाव तिला चांगूआय म्हणे, मी नुसतं आय. माझ्या वयाच्या बायका सासूबद्दल लिहायला लागल्या की एक तर तिला देव्हाऱ्यात बसवतात, नाही तर चुलीत घालतात. आय देव्हाऱ्यात बसली नसती. तिला मुळी एका जागी बसवतच नसे. आणि चुलीत घालायला मी कोण? मलाच तिनं चुलीतून बाहेर काढलं, एकदा नव्हे, तीनदा.

आमचं गाव धरमतरच्या खाडीच्या काठाला. भाताची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खोल, मध्ये फक्त मातीचा बांध. या बांधात एक दगडी मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. मोरीच्या तोंडाला दोन खाचा, आणि त्यांत वरखाली सरकणारी जाड फळी. ओहोटी लागली की फळी उचलायची, शेतातलं पावसाचं जादा पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळी खाली टाकायची. काम एवढंच. पण हे ‘एवढंच’ चुकलं की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा जमिनीत मीठ बसलं की तीन पावसाळे ते धुऊन निघत नाही. म्हणून फळी हरकोणाच्या हाती देत नसत. सगळं गाव मिळून बांध राखतं त्याला आमच्याकडे जोळ म्हणतात. जोळानं ज्या घरात फळी दिली त्या घराला मान. लग्नाला पहिली अक्षत त्या घरची, बांधावरच्या पूजेचा पहिला नारळ त्या घरचा.

आमच्या घरी फळी सासऱ्यांकडे होती. ते अकाली गेले, तेव्हा चार जाणते म्हणाले, बाईमाणसाला हे कसं जमायचं. आय तेव्हा तिशीची असेल. ती म्हणाली, “भरती काय बाप्या का बाय बघून येते?” फळी राहिली.

मी आले तेव्हा ती चाळिशीच्या आतबाहेर होती. काळीसावळी, सडपातळ, गुडघ्यावर लुगडं खोचलेलं, पायांत कधीच काही नाही. टाचांच्या भेगा अशा की त्यांत भाताचा दाणा उभा राहावा. त्या टाचा हेच तिचं पंचांग होतं. बांधावर जायची, एक टाच पाण्यात बुडवायची, हवा हुंगायची आणि सांगायची, “अजून दोन चिलमी हायेत.” म्हणजे दोन चिलमी ओढायला लागतील एवढ्या वेळात पाणी फिरेल. आणि ते फिरायचं. आय स्वतः चिलीम ओढत नसे. हे माप तिला सासऱ्यांकडून मिळालं होतं आणि तिनं ते तसंच ठेवलं होतं.

मी चौलच्या नारळ-सुपारीच्या वाडीतली, शिवाय शिकलेली. भरतीची वेळ तिथीवरून काढतात हे मला पाठ होतं. तिथीला पाऊणनं गुणलं की झालं. पहिल्या महिन्यात मी भिंतीवरच्या पंचांगासमोर उभी राहून तिला वेळ सांगितली. तिनं टाच बुडवली आणि म्हणाली, “अजून न्हाय.” मी म्हटलं, “आय, हिशोबात बसतंय.” ती म्हणाली, “तुजा हिशोब चौलच्या दर्यावरचा. हितं पानी खाडी चढून येतं, दमत दमत. तुज्या पंचांगाला पाय हायेत का? मंग त्याला पानी कसं कलंल?” पाणी अर्ध्या तासानं फिरलं. मी पंचांगाची तारीख उगाचच फाडली.

तिची दुसरी खूण म्हणजे चार बोटं. सगळ्याला तिचं माप चार बोटांचं. चहा कपात चार बोटं. पोराच्या टाळूवर तेल बोटानं, पण रागवायचं ते चार बोटं. शेजारणीशी भांडून आले की म्हणायची, “भांडाचं. पन चार बोटं भांडाचं. हातभर भांडलीस त उद्या चुलीला इस्तू कुनाकडं मागशील?” कोणी मेलं की रडणाऱ्या बायकांना थोडा वेळ रडू देई, मग उठून म्हणे, “झाली चार बोटं. आता पानी तापवा.” हे माप कुठून आलं असेल, असा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नाही. शिकलेल्या माणसांना भलतेच प्रश्न पडतात.

तर ती आषाढातली अमावस्या. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, म्हणजे महिनाभर मासळी बंद. माझे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच लेकीच्या घरी जेवायला येणार होते. आणि घरात काय, तर सुके बोंबील. माझ्या डोक्यात शिरलं की बाबांना जिताडा वाढायचा. जिताडा भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत वर चढतो हे मी ऐकून होते. भरतीला फळी जराशी वर केली तर तो पाण्याबरोबर आत येईल, आणि आतल्या तोंडाला जाळं लावलं की झालं, हा पुढचा शोध माझा स्वतःचा. जाळं नव्हतं. मग लग्नात मिळालेली गुलाबी झालरीची मच्छरदाणी काढली. आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीनं भरून आलं होतं.

अमावस्येला भरती मोठी. अशा दिवशी आय पाणी चढत असताना सबंध बांध चालून बघायची. चिंबोऱ्या, आमच्याकडचे खेकडे, बांधात बिळं करतात, बिळातून पाणी पाझरतं, आणि पाझराची खांड, म्हणजे भगदाड, व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही मुठींत चिखल घेऊन ती निघाली आणि मला म्हणाली, “उघाडीवर बस. नुसती बघ. फलीला हात लावू नको.”

ती बांधाच्या वळणाआड गेली आणि मी पहार घातली.

फळी उचलायला एरवी दोन माणसं लागत. मी तिरमिरीत एकटीनं उचलली, आणि थोडी नव्हे, चांगली हातभर. जिताडा मोठा असतो ना! क्षणभर काहीच झालं नाही. मग खाडी आत आली. नुसता आवाज, बैल डुरकावा तसा. फळी तिरकी झाली, खाचेतून निसटली आणि शेतात तरंगत गेली. तिच्यामागून माझी मच्छरदाणी. नुकती लावणी झालेली रोपं माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली. मी काय करावं? मी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि किंचाळले.

आय बांधावरून धावत आली ते मला अजून दिसतं. मुठींतला चिखल तिनं सोडला नव्हता. तिनं एक नजर मोरीकडे टाकली, एक माझ्याकडे, आणि काही न विचारता खाडीच्या बाजूनं पाण्यात उतरली. मोरीच्या तोंडाला पाठ लावून खाली बसली. फळीच्या जागी स्वतः. पाणी तिच्या गळ्याशी होतं, आणि पाण्याचाच रेटा तिला मोरीत दाबत होता.

“पेंडा आन,” ती म्हणाली. “माती आन. रडनं मंग कर.”

मी पेंढा आणला, माती आणली. आणत राहिले. तिच्या काखांखालून, मानेमागून कोंबत राहिले. पाणी फिरेपर्यंत ती हलली नाही. मध्ये एकदाच बोलली. “पोरी, किती चिलमी झाल्या असतील गो?” मी रडत म्हटलं, “मला नाही कळत.” ती म्हणाली, “मनाबी न्हाय कलत आता. टाच बधिर झालीय.” आणि हसली. तेवढ्यात हसली!

पुरुषमाणसं आली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. सात घरांची शेतं खारी झाली होती, आठवं आमचं. तिला हाताला धरून वर काढलं. पाठ सोलवटून निघाली होती. जोळाचा म्होरक्या आयचा लांबचा दीर लागायचा. त्यानं विचारलं, “वहिनी, फली कोनी उचलली?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी ती म्हणाली, “म्या.”

“तू? भरतीची?”

“मना वाटलं, ओहोटी लागली.”

तुम्हाला कदाचित यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. जिच्या टाचेवर सगळं गाव विश्वास ठेवत होतं, तिनं चारचौघांत म्हणायचं की मला भरती-ओहोटी कळली नाही! सोनारानं म्हणावं की मला पितळ ओळखता आलं नाही, तसं ते होतं. तिच्याकडे असलेली एकुलती एक गोष्ट तिनं काढून चिखलात ठेवली आणि लुगड्याचा पदर पिळत घराकडे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी जोळ बसला. फळी आमच्या घरातून काढून दुसऱ्या घरी दिली. वर तीन उन्हाळे बांधाची माती आमच्या घरानं टाकायची. आय म्हणाली, “बराबर हाय.” एवढंच.

बाबांचं सांगायचं राहिलं. ते त्या अमावस्येच्या दुपारी आले, सुक्या बोंबलांचं कालवण जेवले. पाठीला हळद लावलेली आय दाराआडून त्यांना म्हणाली, “व्याही, तुमची पोर कामाला वाघीन हाय. आज माती काय व्हायली तिनं! आमच्या घरात कुनी व्हायली न्हाय.” बाबा फुशारले. चौलला जाऊन वाडीभर सांगत सुटले.

त्या संध्याकाळी मी तिच्या पायांवर पडले. म्हटलं, “आय, मी जोळात सांगते.” ती भडकली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, “खबरदार! तू काल आयलीस. तुजं नाव अजून कोरं हाय. कोऱ्या कापडावर पयलाच डाग पडला त जल्मभर त्योच दिसतो. माज्या नावावर धा-बारा वर्सांचं काम हाय. एक डाग पडला त खपून जाईल. जागा हाय माज्या नावावर.” मग आवाज खाली आणून, “मी हाय तवर तोंड उघडाचं न्हाय. माज्या गल्याची आन.”

फळी का उचललीस, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही.

माती टाकायला आम्ही दोघी. माझे यजमान मुंबईला गोदीत, शनिवारी रेवसच्या लाँचनं यायचे. उन्हात पाट्या वाहताना मला वाटायचं, ही आता तरी टोमणा मारील. मारायची, पण भलत्याच गोष्टीवर. “मॅट्रिकला पाटी डोक्यावर धराला शिकवीत न्हाईत काय गो?” त्या तीन उन्हाळ्यांत चिंबोरीचं बीळ कोणतं आणि उंदराचं कोणतं, हे मला शिकवून ठेवलं. मला शाळेत इतकं नीट कोणी काही शिकवलं नव्हतं.

पण खपून जाईल म्हणाली होती, तो डाग काही खपला नाही. गावाची जीभ ही खारी जमीन आहे, तिथं पडलेलं मीठ धुऊन जात नाही. वर्षा-दोन वर्षांत आमच्याकडे एक म्हण रुळली. कोणाचा अंदाज सपशेल चुकला की लोक म्हणत, “ही चांगुणेची ओहोटी झाली.” लग्नाची बोलणी फिसकटली, चांगुणेची ओहोटी. पोरगं नापास झालं, चांगुणेची ओहोटी. ती समोरून गेली तरी कोणी थांबत नसे, म्हणीचा आणि बाईचा संबंध लोक विसरलेच होते. मी विसरले नव्हते. दर वेळी माझ्या कानाला चटका बसायचा. ती मात्र स्वतःसुद्धा ती म्हण वापरायची! कालवणात मीठ जास्त पडलं की हसून म्हणायची, “झाली चांगुनेची ओहोटी.” हे बळ कुठून आणत असेल बाई?

मला शिक्षिका व्हायचं होतं, हेही तिनंच ओळखलं. माझी सुजाता सहा महिन्यांची होती. अलिबागला दोन वर्षांचं अध्यापक विद्यालय, पोर अंगावर पिणारी. मी म्हटलं, आता कुठलं शिक्षण. आयनं काय केलं असेल? रोज सकाळी पोरीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर यष्टीत बसायची. विद्यालयाच्या फाटकाबाहेर चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली गोधडी पसरून दिवसभर बसायची. मधल्या सुट्टीत मी धावत येऊन पोरीला पाजायची. दोन वर्षं! आमच्या मुख्य बाईंनी एकदा तिला हटकलं, “आजी, तुम्ही रोज इथं काय करता?” आय म्हणाली, “तिचा आत अभ्यास चाललाय, आमचा दोघींचा भायेर.” शेवटच्या परीक्षेच्या दिवशी मी रडत बाहेर आले, गणिताचा पेपर गेला म्हणून. तिनं मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, “झाली चार बोटं. पोर भुकेजलीय.”

पास झाले. म्हसळ्याजवळच्या एका शाळेत पहिली नोकरी, मग बदली होत होत गावाजवळ. मास्तरीणबाई झाले. शाळेत पोरांना भरती-ओहोटी शिकवताना चंद्र काढायची, पृथ्वी काढायची, आणि मागच्या बाकावरून कुजबुज यायची, “चांगुणेची ओहोटी.” वर्ग हसायचा. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, खडू हातात घेऊन. शिकवलेलं सगळं खरं होतं, फक्त मी खोटी होते.

शाळेत मी पोरींना धीट व्हायला सांगायची. घरी काय केलं, तेही ऐका. सुजाताला तिशीत सासर सोडावं लागलं. वर्षाची पोर घेऊन ती एका दुपारी दारात उभी राहिली, गालावर वळ होता. आणि मी, मास्तरीणबाई, काय म्हणाले? “चार दिवस राहा, मग बघू. लोक काय म्हणतील?” आय तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली, ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, सुजाताची पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, “फली खाऱ्या पान्यासाटी टाकतात. पोरीसाटी न्हाय.”

त्यानंतर घरात या विषयावर चर्चा झाली नाही.

पुढं सुजातानं आमच्या त्याच शेतात, जे मी खारं केलं होतं, तळं खणलं आणि जिताडे पाळले. आता आमच्याकडे बरेच जण पाळतात. पहिली पिल्लं सोडली तेव्हा आय काठावर बसून होती. म्हणाली, “बघ, आता जिताड्याला आमंत्रन द्याला नको. घरचाच झाला.” मी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा होता. मी मनाला समजावलं, सहज बोलली असेल.

आता शेवटचं. आय अठ्ठ्याऐंशीच्या पुढं गेली होती. दिसायचं कमी, पाय गेले होते, खाटेवरून खिडकीतून खाडीची हवा हुंगायची आणि भरती सांगायची. चुकत नव्हती. त्या वैशाखात ओवी, सुजाताची मुलगी, सहावीचा निकाल घेऊन घरी आली. गणितात कमी मार्क. दप्तर टाकून म्हणाली, “आजी, माझी ना यंदा चांगुणेची ओहोटी झाली!” तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं की त्या म्हणीतली चांगुणा समोर खाटेवर पडली आहे. पणजीला ती आय म्हणत होती, चांगुणा नव्हे.

आय हसली. बोळक्या तोंडानं मनापासून हसली आणि ओवीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “होते गो. माजी पन झालीवती.”

चौथ्या पिढीच्या पोरीसमोरसुद्धा तिनं मला झाकलं. मला तिथं उभं राहवेना.

त्याच आठवड्यात जोळाची बैठक होती. उघाडीला नवीन लोखंडी झडप बसवली होती, आणि तरुण मंडळींनी ठरवलं होतं की आजवर ज्यांनी फळी राखली त्यांची नावं तिथं दगडावर कोरायची. यादी वाचली. सासऱ्यांचं नाव होतं. आयचं नव्हतं. वाचणारा मुलगा माझाच विद्यार्थी. म्हणाला, “बाई, चांगूआयच्या हातून ती चूक झाली ना, म्हणून...”

मी उठले. सत्तरीला टेकलेली बाई, तीस वर्षं वर्गासमोर बोललेली, आणि हे एकच बोलायचं राहिलं होतं. शेवटी म्हटलं, “चूक माझी. फळी मी उचलली. भरतीत, जाणूनबुजून, पहारीनं. जिताड्यासाठी. आयनं माझ्यासाठी स्वतःचं नाव घालवलं, आणि मी इतकी वर्षं तोंड मिटून बसले.” मच्छरदाणीसकट सगळं सांगितलं.

मागून खोकल्याचा आवाज आला. भिकातात्या, ऐंशी ओलांडलेले. त्या सात घरांतलं एक घर त्यांचं. काठी टेकत म्हणाले, “गुलाबी झालरीची मच्छरदानी. व्हय ना?”

मी मान डोलावली.

“माज्या शेतात आयलीवती व्हावत. आनि तिच्यात जिताडा व्हता, ह्यो एवढा.” त्यांनी हात पसरला. “आमी खाल्ला त्यो, गटारीलाच. चांगुनावहिनी मच्छरदानी लावून निजत न्हवती, ह्या गावाला म्हाईत हाय. पन ती बोलली ‘म्या’. तिनं सांगितल्यावर आमी कोन इचारनार?”

आधी कोणीतरी फसकन हसलं, मग सगळी बैठक. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मीही हसत होते. म्हणीचं काय करायचं यावर तिथल्या तिथं ठराव झाला. आता आमच्या गावात अंदाज चुकला की ‘मास्तरणीचा जिताडा’ म्हणतात. ओवी तर दिवसातून दोनदा म्हणते. मला ती म्हण फार आवडते. पन्नास वर्षं उशिरा का होईना, माझी वस्तू माझ्या घरी आली. दगडावर आयचं नाव कोरलं, सासऱ्यांच्या खाली, त्याच उंचीच्या अक्षरांत.

घरी येऊन मी तिला सांगायच्या आतच ओवीनं सगळं सांगून टाकलं होतं. आयनं ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. गळ्याची आण मोडली म्हणून रागावली, असं मी धरून चालले. आणि राग यायलाच हवा होता.

दुपारी जोळातली पोरं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. तिला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून बांधावर नेलं. भरतीची वेळ होती. नव्या झडपेवर पहिला हात तिचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तिनं लोखंडावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. मग म्हणाली, “मना खाली बसवा. पान्यापाशी.” बसवलं. तिनं एक टाच पाण्यात सोडली. भेगा तशाच होत्या.

त्या माघात ती गेली, झोपेत, सकाळी ओहोटीच्या वेळी. पण मला ती आठवते ती त्या बांधावरची. पोरं जरा लांब उभी होती, ओवी झडपेशी खेळत होती. मी तिच्याशेजारी चिखलात बसले आणि म्हटलं, “आय, रागावलीस?” तिनं हवा हुंगली. पोरं ऐकत नाहीत ना, ते बघितलं. मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

“येडे, जिताड्याला चार बोटं पुरतात. तुज्या सासऱ्यासाटी धा वर्सं फली उचलली म्या. मना इचाराचं ना गो.”